पित्ताशयाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया : निर्णयापासून बरे होईपर्यंत

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, एवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. वार्षिक तपासणीत, गर्भारपणात किंवा मूतखड्याच्या शोधात केलेल्या सोनोग्राफीत असे खडे अनेकांना आढळतात, आणि त्यांपैकी बहुतेकांना त्यांचा कधीच त्रास होत नाही. त्रास नसलेल्या शंभर जणांपैकी वर्षाकाठी साधारण एक ते चार जणांनाच पहिली कळ येते. म्हणून सर्जनांनी ‘सध्या काही करायला नको, कळ आली तर या’ असे सांगितले, तर तो हलगर्जीपणा समजू नये. या नियमाला काही अपवाद आहेत. पित्ताशयात १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप (आतल्या भिंतीवरची गाठीसारखी वाढ) असेल, किंवा पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम साठले असेल, तर त्रास नसतानाही शस्त्रक्रियेचा विचार होतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांतही हा निर्णय लवकर घेतला जातो, कारण तांबड्या पेशी सतत फुटत राहिल्यामुळे त्यांच्यात खडे कमी वयात होतात आणि सिकलसेलची पोटदुखी कोणती व पित्ताशयाची कोणती, हे ओळखणे पुढे अवघड जाते.

त्रास आहे की नाही हे ठरवताना रुग्णाने आपल्या दुखण्याचे वर्णन काटेकोरपणे करणे फार उपयोगाचे ठरते. पित्ताशयाची कळ बरगड्यांखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात मधोमध येते, बहुधा तेलकट किंवा भरपेट जेवणानंतर किंवा रात्री सुरू होते, निदान अर्धा तास टिकते आणि काही तासांत ओसरते. ती पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते, आणि सोबत मळमळ किंवा उलटी असू शकते. निव्वळ ढेकर, पोट फुगणे, छातीत जळजळ किंवा तोंडाला आंबट पाणी येणे ही खड्यांची खात्रीची लक्षणे नाहीत. केवळ अशा तक्रारींसाठी पित्ताशय काढले, तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही तक्रारी तशाच राहण्याची शक्यता बरीच असते, आणि मग दोष शस्त्रक्रियेला दिला जातो. याच्या उलटही घडते. खऱ्या कळेला आम्लपित्त समजून महिनोन्‌महिने गोळ्या घेणारे रुग्ण कमी नाहीत. साठीच्या पुढच्या किंवा मधुमेह असलेल्या व्यक्तीला वरच्या पोटात नव्याने दुखू लागले, तर पित्ताशयाचे निदान करण्याआधी ईसीजी काढून हृदयविकार नाही याची खात्री करून घ्यावी.

कळ सहा तासांहून अधिक टिकली, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच पांढुरके झाले, तर घरी वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खडे विरघळवण्याच्या उपायांविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. मूतखडा लघवीच्या मार्गाने बाहेर पडू शकतो, त्यामुळे भरपूर पाणी पिण्याचा सल्ला तेथे योग्य आहे. पित्ताशयातील खड्याला तसा मोकळा मार्ग नाही, आणि तो सरकून पित्त आतड्यात नेणाऱ्या पित्तनलिकेत उतरला, तर सुटका होण्याऐवजी कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज उद्भवते. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन दुसऱ्या दिवशी शौचातून पडणारे हिरवे गोळे खडे म्हणून दाखवले जातात. ते पोटात तेल आणि रस यांपासून बनलेले साबणासारखे गोळे असतात, आणि नंतरच्या सोनोग्राफीत मूळचे खडे जागेवरच दिसतात. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्यांनी काही लहान, कॅल्शियम नसलेले, कोलेस्टेरॉलचे खडे विरघळतात. मात्र त्याला कित्येक महिने लागतात आणि औषध थांबवल्यावर पाच वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांत ते पुन्हा होतात. पित्ताशय ठेवून फक्त खडे काढण्याची विनंती रुग्ण अनेकदा करतात. ज्या पित्ताशयात खडे एकदा झाले त्यात ते पुन्हा होण्याचीच शक्यता असल्यामुळे ती मान्य होत नाही. पित्त यकृतात तयार होते, पित्ताशय ते फक्त साठवून घट्ट करते. म्हणून पित्ताशय काढल्यावरही पचन चालू राहते.

खड्याच्या आकाराविषयीचा एक समज येथेच दूर करावा. सुपारीएवढा एकच मोठा खडा पाहून घरचे घाबरतात, पण मोहरीएवढे अनेक बारीक खडे अधिक कावेबाज असतात, कारण ते सहज सरकून मुख्य पित्तनलिकेत उतरतात.

मुख्य पित्तनलिका मोकळी आहे का

शस्त्रक्रियेपूर्वी सोडवायचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. सोनोग्राफी पित्ताशयातील खडे फार चांगले दाखवते. त्यासाठी सहा ते आठ तास उपाशी जावे लागते, कारण खाल्ल्यावर पित्ताशय आकुंचन पावते. मुख्य पित्तनलिकेच्या खालच्या टोकापुढे मात्र आतड्यातील हवा येते आणि तेथील खडा निसटू शकतो. म्हणून बिलिरुबिन (काविळीत वाढणारे रंगद्रव्य) आणि यकृताची इतर रक्ततपासणी करतात, आणि त्यात वाढ असेल किंवा नलिका रुंद दिसत असेल, तर एमआरसीपी हा एमआरआयचाच एक प्रकार सुचवतात. ‘माझ्या मुख्य पित्तनलिकेत खडा नाही, हे कशावरून ठरवले?’ हा प्रश्न रुग्णाने सर्जनांना अवश्य विचारावा.

नलिकेत खडा असेल, तर तो बहुधा तोंडावाटे दुर्बीण घालून, ईआरसीपी करून काढला जातो. हे काम सहसा पोटविकारतज्ज्ञ करतात. पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया त्यानंतर सर्जन करतात. ईआरसीपी झाली की वेदना थांबतात, कावीळ उतरते, आणि अनेक रुग्ण पुढची शस्त्रक्रिया टाळतात. असे करू नये. पित्ताशयात उरलेले खडे पुन्हा खाली उतरू शकतात, म्हणून प्रकृती साथ देत असेल तर त्याच मुक्कामात किंवा पुढील दोन आठवड्यांत पित्ताशय काढून घ्यावे.

ईआरसीपीच्या वेळी नलिकेत प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी छोटी नळी, ठेवला असेल, तर तो काढण्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावी. हा स्टेंट साधारण तीन महिन्यांच्या आत काढायचा किंवा बदलायचा असतो. तो विसरला गेला तर तुंबतो, त्याभोवती नवे खडे जमतात आणि पित्तनलिकेत पू होऊन रुग्ण गंभीर आजारी पडतो. स्टेंट एका रुग्णालयात बसतो, पित्ताशय दुसऱ्या रुग्णालयात काढले जाते आणि आठवण करून देण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. अशा वेळी डिस्चार्ज कार्ड वाचण्याचे काम कुटुंबातील एका व्यक्तीने स्वतःकडे घ्यावे.

केव्हा करून घ्यावी

पित्ताशयाला तीव्र सूज आली असेल, तर ‘आधी औषधांनी सूज उतरवू आणि सहा आठवड्यांनी शस्त्रक्रिया करू’ अशी पद्धत पूर्वी सर्रास होती. आता अनुभवी सर्जन उपलब्ध असेल आणि रुग्णाची प्रकृती भूल सोसण्याजोगी असेल, तर त्याच मुक्कामात, शक्यतो सुरुवातीच्या ७२ तासांत आणि फार तर आठवडा-दहा दिवसांत शस्त्रक्रिया करणे श्रेयस्कर मानले जाते. वाट पाहण्याच्या काळात अनेकांना पुन्हा झटका येतो, आणि दरम्यान तेथील पेशीजाल घट्ट चिकटून शस्त्रक्रिया अधिक कठीण होते. खड्यांमुळे स्वादुपिंडाला सौम्य सूज आली असेल, तर ती ओसरताच, घरी जाण्यापूर्वीच पित्ताशय काढावे. सूज गंभीर असेल, तर मात्र काही आठवडे थांबणेच शहाणपणाचे असते. गर्भवतीला वारंवार कळा येत असतील, तर चौथ्या ते सहाव्या महिन्याचा काळ सर्वांत सोयीचा समजला जातो.

सर्जनांशी काय बोलावे

दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मनीतील ब्योब्लिंगेन येथे एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये केली, तेव्हा त्यांच्याच देशातील सर्जनांनी तिची फारशी दखल घेतली नाही. भारतात ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये केली. आज ती जिल्ह्याच्या ठिकाणीच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही होते. ती इतकी परिचयाची झाली आहे की ‘चार भोके पाडायची, दुसऱ्या दिवशी घरी’ असे तिचे वर्णन केले जाते. बाहेरून हे खरे आहे. आत मात्र जे काम पूर्वी हातभर चिरेतून होत असे तेच होते, आणि त्यातील धोक्याची जागाही तीच आहे.

ती जागा म्हणजे पित्ताशयाची मान मुख्य पित्तनलिकेला जेथे मिळते तो लहानसा त्रिकोण. पित्ताशयाची छोटी नलिका आणि त्याची रोहिणी या दोनच गोष्टींवर क्लिप लावून त्या कापायच्या असतात. सूज आणि चिकटलेल्या पेशीजालामुळे मुख्य पित्तनलिकाच छोटी नलिका समजून कापली गेली, तर मोठी दुरुस्ती करावी लागते आणि तिचे परिणाम आयुष्यभर पुरतात. हजार शस्त्रक्रियांमागे तीन ते पाच वेळा मुख्य नलिकेला इजा होते. हे टाळण्यासाठी अमेरिकेतील सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये एक शिस्त मांडली : त्रिकोणातील चरबी आणि पेशीजाल पूर्ण साफ करायचे, पित्ताशयाचा खालचा एकतृतीयांश भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना स्पष्ट दिसल्याखेरीज काहीही कापायचे नाही. असे दृश्य मिळत नसेल, तर पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवणे, पोट उघडून शस्त्रक्रिया पूर्ण करणे किंवा पित्ताशयात नळी ठेवून थांबणे हे तीन सुरक्षित पर्याय असतात.

म्हणून सर्जनांना ‘किती शस्त्रक्रिया केल्या?’ हे विचारावेच, पण ‘आत दृश्य स्पष्ट मिळाले नाही तर आपण काय कराल?’ हा प्रश्न त्याहून अधिक काही सांगून जातो. ‘आमच्याकडे पोट कधीच उघडावे लागत नाही’ या उत्तराने आश्वस्त होण्याचे कारण नाही. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत पोट उघडण्याची वेळ क्वचित येते, तीव्र सुजेत अधिक वेळा येते. तसा निर्णय घेणे हे अपयश नसून सर्जनाच्या विवेकाचे लक्षण आहे, आणि त्याची संमती रुग्णाकडून आधीच घेतलेली असते. संमतिपत्र सही करण्यापूर्वी सावकाश वाचावे, आणि ते मराठीत मागून घेण्यात संकोच करू नये.

जाहिरातींविषयी दोन शब्द. ‘लेझरने पित्ताशयाची शस्त्रक्रिया’ असे फलक जागोजागी दिसतात. प्रत्यक्षात दुर्बिणीच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत विद्युत उपकरणे किंवा ध्वनिलहरींवर चालणारी उपकरणे वापरली जातात. बेंबीतून एकाच छिद्राने किंवा रोबोटच्या साहाय्याने केलेली शस्त्रक्रिया साध्या पित्ताशयासाठी चार छिद्रांच्या पद्धतीपेक्षा अधिक सुरक्षित असल्याचे सिद्ध झालेले नाही, खर्च मात्र वाढतो.

खर्चाची चौकशी दाखल होण्यापूर्वी करावी. अनेक आरोग्य विमा पॉलिसींत पित्ताशयाच्या खड्यांसाठी सुरुवातीची दोन वर्षे प्रतीक्षेची असतात, हे बहुतेकांना दावा नाकारला गेल्यावरच कळते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला, आणि गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कक्षात, आपला आजार आणि हे रुग्णालय योजनेत बसते का, ते विचारावे.

आदल्या आठवड्याची तयारी

घेत असलेली सगळी औषधे, आयुर्वेदिक काढे आणि चूर्णेही, एका पिशवीत घालून भूलतज्ज्ञांसमोर ठेवावीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी स्वतः निर्णय घेऊ नये. क्लोपिडोग्रेल सहसा पाच दिवस आधी थांबवतात, पण हृदयात स्टेंट असलेल्या रुग्णाने हृदयरोगतज्ज्ञांना न विचारता ती बंद करणे जिवावर बेतू शकते. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या किमान तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, कारण उपाशीपोटी त्यांमुळे रक्तातील साखर फारशी न वाढताही रक्त धोकादायक आम्लधर्मी होऊ शकते; या गोळ्यांची नावे अनेकांना पाठ नसतात, म्हणून चिठ्ठी सोबत हवीच. वजन घटवण्याची आठवड्याची इंजेक्शने घेत असल्यास तेही सांगावे, कारण त्यांनी जठर उशिरा रिकामे होते. रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि कोणत्या नाहीत, हे कागदावर लिहून घ्यावे.

विडी-सिगारेट आणि तंबाखू शक्य तितक्या लवकर सोडावी. मिश्री लावण्याची सवय घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया डॉक्टरांना सांगत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत. ती मुलाने किंवा सुनेने सांगितली तरी चालेल, पण सांगावी.

उपाशी राहण्याचा नियम असा : घन आहार आणि दूध शस्त्रक्रियेच्या किमान सहा तास आधी बंद, तळलेले किंवा जड जेवण असेल तर आठ तास, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, मात्र आपल्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ अंतिम मानावी. दुधाचा चहा घन आहारातच मोडतो. सकाळी ‘अर्धा कपच तर घेतला’ म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, आणि ते योग्यच असते, कारण भुलेत उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर जीव धोक्यात येतो.

आदल्या रात्री किंवा सकाळी साबणाने अंघोळ करावी, बेंबी नीट स्वच्छ करावी, नखांचा रंग काढावा, आणि मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, कवळी घरीच ठेवाव्यात. जोडवी किंवा बांगडी निघत नसेल, तर शस्त्रक्रियागृहाच्या दारात घाई करण्यापेक्षा आदल्या दिवशी परिचारिकेला दाखवावी.

शस्त्रक्रिया आणि पहिले दोन दिवस

पूर्ण भूल दिल्यावर बेंबीतून कार्बन डायऑक्साइड वायू पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर इतक्या दाबाने भरून पोट फुगवतात. बेंबीजवळ आणि छातीच्या हाडाखाली साधारण १० मिलिमीटरची, तर उजवीकडे ५ मिलिमीटरची दोन छिद्रे पाडतात. साधी शस्त्रक्रिया तासाभरात संपते, पण बाहेर बसलेल्या नातेवाइकांनी घड्याळावरून अर्थ काढू नये. संथपणे केलेले काम येथे चांगले असते. काढलेले पित्ताशय नातेवाइकांना दाखवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ते पाहिल्यावर घरी नेण्याचा हट्ट धरू नये. ते पॅथॉलॉजीच्या तपासणीसाठी गेलेच पाहिजे.

जागे झाल्यावर पोटापेक्षा उजवा खांदा अधिक दुखतो, तेव्हा रुग्ण घाबरतो. उरलेल्या वायूमुळे श्वासपटल चाळवले जाते आणि त्याची जाणीव खांद्यात होते; चालण्याने आणि साध्या वेदनाशामकाने ते एक ते तीन दिवसांत ओसरते. त्याच संध्याकाळी आधार घेऊन उठावे आणि चार पावले चालावे. पाणी काही तासांनी, हलका आहार त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी सुरू होतो. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी जातात.

घरी गेल्यावर

आहाराविषयी शेजारपाजारचे सल्ले सर्वांत अधिक येतात, आणि त्यांतील बहुतेक अनावश्यक कडक असतात. पहिले दोन-तीन आठवडे थोडे-थोडे, कमी तेलकट खावे. वरण-भात, मऊ भाकरी, ताक, फळभाज्या चालतात. त्यानंतर तूप, शेंगदाण्याचे कूट, मासे, मटण हळूहळू वाढवत नेहमीच्या जेवणावर यावे. आयुष्यभर तेल-तूप वर्ज्य करण्याची गरज नसते. काहींना जेवणानंतर लगेच पातळ शौचाला होते, कारण पित्त आता साठून न राहता आतड्यात सतत उतरत असते. हे बहुधा आपोआप कमी होते, आणि महिन्या-दोन महिन्यांनंतरही टिकले तर त्यावर औषध आहे.

दोन दिवसांनी, सर्जनांनी सांगितल्याप्रमाणे, अंघोळ करावी आणि जखमा कोरड्या ठेवाव्यात. टेबलाजवळचे काम आठवड्याभरात जमते. अचानक ब्रेक दाबताना पोट दुखणार नाही अशी खात्री झाल्यावरच दुचाकी किंवा गाडी चालवावी. पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर, खताचे पोते उचलणे निदान चार आठवडे टाळावे, अन्यथा बेंबीच्या छिद्रातून हर्निया होऊ शकतो. शेतावर आणि हमालीवर पोट असणाऱ्यांना ही सुट्टी परवडत नाही, म्हणून शस्त्रक्रियेची तारीख पेरणी किंवा सुगी पाहून ठरवणे, जेथे घाई नाही तेथे, पूर्णपणे रास्त आहे.

बरे होत असल्याची एक सोपी खूण आहे : प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा बरा जायला हवा. घरी गेल्यावर दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागले, पोट फुगले, उलट्या थांबेनात, ताप आला, भूक पूर्ण गेली, डोळे पिवळे झाले किंवा जखमेतून हिरवट-पिवळे पाणी येऊ लागले, तर पोटात पित्त गळत असण्याची किंवा नलिकेला इजा झाल्याची शक्यता असते. फोनवर ‘गॅस झाला असेल’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये; प्रत्यक्ष तपासणी, रक्ततपासणी आणि सोनोग्राफीचा आग्रह धरावा. अशी इजा पहिल्या काही दिवसांत ओळखली आणि यकृत-पित्तमार्गाच्या तज्ज्ञ केंद्राकडे पाठवली, तर परिणाम बरेच चांगले असतात. दम लागणे किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखणे यासाठीही ताबडतोब जावे.

एक तक्रार उशिरा, साधारण तीन-चार आठवड्यांनी किंवा त्याहूनही नंतर येते. भरलेली जखम पुन्हा लाल होते, तेथे गाठ येते, पातळ पू येतो आणि नेहमीच्या प्रतिजैविकांनी ती बरी होत नाही. उपकरणे नीट निर्जंतुक न झाल्यास क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतील, पण क्षय न करणारे जंतू छिद्रांच्या जागी वाढतात, त्याचा हा परिणाम असतो. अशा वेळी वेगवेगळ्या गोळ्या बदलत बसू नये. पू तपासणीला पाठवून त्यावरील विशिष्ट औषधे कित्येक महिने घ्यावी लागतात.

पॅथॉलॉजीचा अहवाल साधारण आठवड्याभरात येतो, आणि टाके काढण्याच्या भेटीच्या वेळी तो मागून घ्यावा. बहुतेक वेळा त्यात जुनाट सूज एवढेच लिहिलेले असते. क्वचित पित्ताशयाचा कर्करोग अनपेक्षितपणे आढळतो, आणि तो अगदी वरच्या थरापुरता आहे की खोल गेला आहे, यावर दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज ठरते; तेव्हा अहवाल न वाचता फाइलमध्ये ठेवू नये, आणि तो डिस्चार्ज कार्ड व शस्त्रक्रियेच्या टिपणासोबत जपून ठेवावा.